एका यंत्रावर घडवलेला, दुसऱ्या यंत्रात नांदणारा प्रोग्रॅम

इंद्रायणीच्या उत्तरेस वसलेल्या निघोजे गावाच्या शिवारात आज चाकण औद्योगिक वसाहतीतील मोटार कारखाने उभे आहेत. आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेले आमच्यासारखे अनेक माजी विद्यार्थी याच पट्ट्यात नोकरी करतात. सुटीत घरी गेल्यावर वडीलधारी मंडळी विचारतात, "कंपनीत नेमके काय करता?" आमच्यापैकी काही जण गाडीतील नियंत्रकपेटीचे, म्हणजे ईसीयूचे, सॉफ्टवेअर तयार करतात. त्या कामाचा पाया या स्मरणिकेच्या निमित्ताने सोप्या शब्दांत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. ब्रेक आणि इंधन यांचे इतके सूक्ष्म नियंत्रण लहानसा संगणकच करू शकतो. त्या चिपला पडदा नसतो, कळफलक नसतो आणि स्मृती अत्यंत तुटपुंजी असते. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तिच्यात मावतच नाही. म्हणून रूपांतर टेबलावरील संगणकावर करायचे आणि तयार प्रोग्रॅम चिपमध्ये भरायचा. यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

या कामासाठी लागणाऱ्या साधनांच्या साखळीला टूलचेन असे नाव आहे. कंपायलर, असेंब्लर, सुटे भाग एकत्र जोडणारा लिंकर, तयार उपकार्यांची लायब्ररी आणि चुका शोधणारा डीबगर हे तिचे दुवे होत. आर्म जातीच्या चिपसाठीची प्रचलित साखळी 'आर्म-नन-ईएबीआय' या नावाने ओळखली जाते. 'आर्म' ही प्रोसेसरची जात. 'नन' म्हणजे खाली कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही. आणि 'ईएबीआय' म्हणजे प्रोग्रॅमच्या भागांनी परस्परांना माहिती कशी द्यावी याचा करार.

साखळी बसवताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. पहिली, प्रोसेसर नेमका कोणता. दुसरी, अपूर्णांकांची आकडेमोड चिपमधील स्वतंत्र विभाग करणार की सॉफ्टवेअर करणार. याबाबत आपला प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांचे करार जुळले नाहीत, तर लिंकर जोडणी नाकारतो. तिसरी, स्मृती कोठून सुरू होते आणि किती आहे. ही माहिती लिंकर स्क्रिप्ट नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते आणि लिंकर ती निमूटपणे खरी मानतो.

या तिसऱ्या गोष्टीनेच आम्हांला धडा दिला. शिकाऊ काळात आमच्यापाशी एसटीएम३२ मालिकेतील एफ४०१आरई चिपचे न्यूक्लिओ बोर्ड होते. हुबेहूब तसेच दिसणाऱ्या एफ४११आरईची स्क्रिप्ट आम्ही उतरवून घेतली. प्रोग्रॅम विनातक्रार जोडला गेला, बोर्डात भरलाही गेला. पण दिवा काही लुकलुकेना. दोन रात्री आम्ही स्वतःचा प्रोग्रॅमच तपासत बसलो. अखेरीस उलगडा झाला: एफ४११मध्ये रॅम १२८ केबी, तर एफ४०१मध्ये ९६ केबी. प्रोग्रॅमचा स्टॅक रॅमच्या शेवटच्या टोकापासून खाली वाढतो आणि ते टोक आमच्या चिपमध्ये अस्तित्वातच नव्हते. फाइलमधील एक आकडा बदलला आणि दिवा लागला. दुसऱ्याचे उतरवलेले आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावे, ही सवय तेव्हापासून जडली.

पालकांना आवर्जून सांगावेसे वाटते की, या साखळीला परवाना शुल्क लागत नाही. तिचा गाभा असलेला जीसीसी कंपायलर १९८७ साली सर्वांसाठी खुला झाला. त्याची अंतर्रचना शिकवण्याचे काम पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी केले. जुना संगणक आणि एक छोटे बोर्ड एवढ्यावर हा अभ्यास सुरू होतो.

निघोजेच्या कारखान्यात आपली मुले ठेकेदाराच्या पाळीत ती पेटी गाडीत बसवतात. त्या श्रमाचा आम्हांला आदरच आहे. मात्र पेटीच्या आत काय चालते, हे जाणण्याची वाटही त्यांच्यासाठी मोकळी आहे. शाळेच्या संगणक कक्षात नववी-दहावीच्या मुलांनी पहिला दिवा स्वतः लुकलुकवावा, त्या दिवशी शेजारी बसायला आम्ही अवश्य येऊ.