बुडी समुद्रात, आखणी घरात

सहल म्हटली की आपल्या घरांतून महाबळेश्वर, वेरूळ-अजिंठा किंवा फार तर गोवा एवढीच नावे निघतात. हल्ली मात्र नोकरीला लागलेली मुले-मुली अंदमानला जाऊन ‘स्कुबा डायव्हिंग’ करू या, असा आग्रह धरू लागली आहेत. आईवडिलांना दोन भीती वाटतात, एक पाण्याची आणि दुसरी खर्चाची. दोन्ही रास्त आहेत आणि दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे आखणी. ही आखणी परतीच्या विमानापासून सुरू करावी, असे आमचे सांगणे आहे. असे का, ते पाहू.

स्कुबा म्हणजे पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेणे. या टाकीत प्राणवायू असतो असा अनेकांचा समज आहे. वास्तविक नेहमीचीच हवा तिच्यात दाबून भरलेली असते. पाण्यात १० मीटर खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो आणि हवेतील नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसल्यास तेथील कमी दाबामुळे सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. सांधे ठणकतात, प्रसंगी हातपाय लुळे पडतात. म्हणून एकच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. पूर्ण २४ तास मोकळे ठेवले तर उत्तम.

आता दिवस मांडू. पोर्ट ब्लेअरला २०२४ साली श्रीविजयपुरम असे नाव दिले गेले. तेथून बोटीने सुमारे दोन-अडीच तासांवर हॅवलॉक बेट आहे. त्याचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप. पहिला दिवस पोहोचण्याचा, दुसरा बोटीचा, तिसरा बुडीचा. चौथा दिवस राखीव ठेवावा, कारण वारा वाढला की बुडी आणि बोट दोन्ही रद्द होतात. पाचव्या दिवशी परतीची बोट, सहाव्या दिवशी विमान. राखीव दिवशी राधानगरचा किनारा पाहावा. पावसाळा सोडून डिसेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा.

खर्चाचे तीन कप्पे करावेत: प्रवास, मुक्काम आणि बुडी. केंद्र सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलतीत अंदमानला विमानाने जाण्याची सूट वेळोवेळी मिळत आली आहे. अर्जापूर्वी कार्यालयातील चालू परिपत्रक नीट वाचावे आणि तिकिटे अधिकृत मार्गानेच काढावीत. ही सवलत भाड्यापुरती असते, रिसॉर्ट आणि बुडीचा खर्च खिशातूनच होतो, हे विसरू नये. त्यासाठी वर्षभर आधी वेगळे खाते उघडून दरमहा रक्कम टाकावी. कर्ज काढून सहल मात्र करू नये. किनाऱ्यावरचे महागडे रिसॉर्ट परवडत नसेल तर साध्या निवासात राहावे. स्वातंत्र्यानंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांना या बेटावर वसवण्यात आले, त्यामुळे बाजारात साधे मासे-भाताचे जेवण मिळते.

पाण्याच्या भीतीचे काय? पहिल्या परिचयाच्या बुडीसाठी पोहता येणे सहसा सक्तीचे नसते. प्रशिक्षक सोबत असतो आणि ही बुडी १२ मीटरच्या आतच असते. मुलांसाठी साधारणपणे किमान वय १० वर्षे आहे. बुडीपूर्वी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात. तो खरा भरावा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे दुखणे किंवा गरोदरपण लपवणे म्हणजे जिवाशी खेळ होय. शंका असल्यास घरूनच डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी. सर्दी असेल तर बुडी सोडून द्यावी, कारण कानातील दाब जुळत नाही. पाण्यात श्वास कधीही रोखू नये; वर येताना फुप्फुसातील हवा फुगते आणि इजा होते.

पैसे भरण्यापूर्वी केंद्रचालकाला चार प्रश्न विचारावेत. प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे काय? एका प्रशिक्षकामागे किती जण? बोटीवर प्राणवायू आणि प्रथमोपचाराची पेटी आहे काय? हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतील काय? उत्तर टाळणाऱ्याकडे स्वस्तात मिळते म्हणून जाऊ नये. अंदमानचा खर्च झेपत नसेल तर आपल्या सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीलाही ही सोय आहे. तेथे आधी अनुभव घेतला तर भीतीही मोडते.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पाण्याखाली दिसणारे प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, तो सूक्ष्म प्राण्यांचा संसार आहे. २०१० साली समुद्र तापल्याने अंदमानातील बरेच प्रवाळ पांढरे पडले होते. त्यांना हात लावू नये, पाय टेकू नये, तुकडा घरी आणू नये. तो कायद्यानेही गुन्हा ठरतो.

अनेक घरांत अशा वेळी मुलगा पाण्यात उतरतो आणि आई-बहिणी किनाऱ्यावर पिशव्या सांभाळत बसतात. प्रकृती ठीक असेल तर त्यांचेही नाव फॉर्मवर घाला. वर्षभर पै-पै साठवण्यात त्यांचाही वाटा आहे, तेव्हा ती मासळीची रंगीत दुनिया त्यांनीही डोळ्यांनी पाहावी.