कॉलेजच्या गोलरक्षकाचा आकडा किती विश्वासाचा?

९५.२ टक्के. अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत एका अख्ख्या मोसमाचा हा आकडा नऊ वर्षांच्या अंतराने दोन गोलरक्षकांच्या नावावर लागला. २०१२-१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल संघाचा कॉनर हेलेबक, आणि २०२१-२२ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा डेव्हन लेव्ही. दोघंही हॉकी ईस्ट या एकाच गटात खेळले. पहिला आज जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांत गणला जातो. दुसरा २०२४-२५ मध्ये व्यावसायिक हॉकीच्या दुसऱ्या पायरीवर खेळत होता.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हॉकीशी तुमचा काही संबंध नसला तरी ही गोष्ट नीट बघा. हातात एक आकडा आहे, त्याच्या जोरावर निर्णय घ्यायचा आहे आणि निर्णयावर कुणाची तरी चार-पाच वर्षं अवलंबून आहेत. संशोधनात आपण वेगळं काय करतो?

आधी खेळ थोडक्यात. बर्फाचं मैदान, प्रत्येक बाजूला पाच स्केटर आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी पक, म्हणजे कडक रबराची जाड चकती, वजन साधारण १७० ग्रॅम. चांगला फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. अंगावर जाडजूड पॅड चढवून गोलरक्षक त्याच्यापुढे उभा असतो. गोलवर आलेल्या दर शंभर फटक्यांपैकी त्याने किती अडवले, ती त्याची सेव्ह टक्केवारी. सर्वोच्च व्यावसायिक लीग म्हणजे एनएचएल. तिथली सरासरी अलीकडे नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. आता पुन्हा ९५.२ कडे बघा. सरासरी गोलरक्षक शंभरात दहा गोल खातो आणि हा पाचदेखील खात नाही. अर्थात लीग वेगळी आहे, त्याकडे आपण येऊच.

लेव्हीची गोष्ट कॉलेजच्याही आधी सुरू होते. तो क्यूबेकचा, जन्म डिसेंबर २००१ चा. २०२० च्या ड्राफ्टमध्ये फ्लोरिडा पँथर्सने त्याला सातव्या फेरीत, २१२ व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये असतातच सात फेऱ्या, म्हणजे जवळजवळ उरलेल्यांतून उचलला म्हणा ना. मग त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस एडमंटनमध्ये वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा झाली. कोरोनामुळे स्टँड रिकामे होते. कॅनडाकडून लेव्ही सात सामने खेळला. ९६.४ टक्के सेव्ह, तीन सामन्यांत एकही गोल नाही, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक हा मान. अंतिम सामना कॅनडा अमेरिकेकडून ०-२ असा हरली, पण लेव्हीचं नाव सगळीकडे झालं.

त्यानंतर दुखापतीमुळे तो कॉलेजचा पहिला मोसम खेळलाच नाही. आणि जुलै २०२१ मध्ये बफेलो सेबर्स संघाने आपला मोठा खेळाडू सॅम राइनहार्ट फ्लोरिडाला देऊन बदल्यात दोन गोष्टी घेतल्या: पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड आणि डेव्हन लेव्ही. ज्याने कॉलेजकडून एकही सामना खेळलेला नाही असा एकोणीस वर्षांचा मुलगा.

इथे जरा थांबा आणि बफेलोच्या माणसाच्या खुर्चीत बसा. तुमच्यासमोर काय पुरावा आहे? मुख्यतः ते सात सामने. त्यांत लेव्हीवर आलेले फटके मोजले तर साधारण १४० भरतात. आता संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं सूत्र वापरूया. यशाचं प्रमाण गुणिले अपयशाचं प्रमाण, भागिले एकूण प्रयत्न, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. ०.९६४ गुणिले ०.०३६, भागिले १४०, वर्गमूळ घेतलं की येतात १.६ टक्के. हा झाला स्टँडर्ड एरर. त्याच्या दुपटीइतकं खालीवर धरलं तर खरी क्षमता ९३ पासून ९९ च्याही पुढे कुठेही असू शकते. म्हणजे हा मुलगा 'चांगला' पासून 'असा कधी झालाच नाही' पर्यंत काहीही असू शकत होता.

शिवाय हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरून चालतं. प्रत्येक फटका सारखाच आणि एकमेकांपासून स्वतंत्र. तसं कुठे असतं? त्या स्पर्धेत जर्मनीच्या संघातले बरेच जण विलगीकरणात अडकले होते. गोलरक्षक सोडून चौदा खेळाडू घेऊन ते उतरले आणि कॅनडाने त्यांना १६-२ असं हरवलं. अशा सामन्यात अडवलेला फटका आणि अंतिम सामन्यात अमेरिकेचा अडवलेला फटका, टक्केवारीच्या हिशेबात दोन्ही सारखे. म्हणून खरी अनिश्चितता सूत्रातल्या उत्तरापेक्षा जास्तच धरायची. तुमच्या प्रश्नावलीत एकाच वर्गातल्या चाळीस मुलांनी उत्तरं दिली असतील तर तिथेही हेच लागू होतं. चाळीस उत्तरं आली म्हणजे चाळीस स्वतंत्र पुरावे मिळाले असं होत नाही.

मग लेव्ही कॉलेजसाठी उतरला. २०२१-२२ मध्ये ३२ सामने, ९५.२ टक्के, सामन्यामागे सरासरी १.५४ गोल, आणि दहा सामन्यांत एकही गोल नाही. कॉलेजमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा माइक रिक्टर पुरस्कार त्याला मिळाला. आता फटके जवळजवळ हजार होते. स्टँडर्ड एरर उतरून ०.७ टक्क्यांवर आला. पुरावा पुष्कळ घट्ट झाला.

पण याच टप्प्यावर एक प्रश्न विचारायला लोक हमखास विसरतात. आपण लेव्हीकडेच का बघतोय? कारण त्याचा आकडा सगळ्यांत वर होता म्हणून. अमेरिकेत पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज हॉकीत साठच्या आसपास संघ आहेत. एक खेळ करून बघा, एक्सेलमध्येही जमेल. समजा साठ गोलरक्षक आहेत, सगळे अगदी सारखे, प्रत्येकाची खरी क्षमता ९१ टक्के. प्रत्येकावर हजार फटके मारा. कुणाच्याही कौशल्यात काडीचा फरक नसताना त्या साठांतला पहिला नंबर साधारण ९३ टक्क्यांवर येतो. हे वरचे दोन टक्के निव्वळ नशिबाचे. म्हणजे जो पहिला आला त्याच्या आकड्यात नशिबाचा वाटा बहुधा असतोच, आणि पुढच्या वेळी तो वाटा सोबत येईलच असं नाही.

लेव्ही या ९३ च्याही बराच वर होता, त्यामुळे तो खरोखर चांगला होता यात मला शंका वाटत नाही. फक्त ९५.२ ही त्याची क्षमता आणि पुढच्या वर्षीही तेवढंच येणार, असं कुणी धरून चाललं असेल तर त्याने हिशेब नीट केला नाही. पुढच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, आले ९३.३ टक्के. रिक्टर पुरस्कार पुन्हा त्यालाच. तो दोनदा मिळवणारा तो पहिलाच. म्हणजे घसरण झाली तरी इतरांपेक्षा तो वरच होता.

मग तो बिघडला का? ९५.२ आणि ९३.३ मधला फरक १.९ टक्के. दोन्ही मोसमांचे फटके धरून या फरकाचा स्टँडर्ड एरर काढला तर तो जवळपास एक टक्का येतो. भागाकार १.९. तुमच्या पुस्तकातली सीमारेषा १.९६. म्हणजे अगदी उंबरठ्यावर, अलीकडे. इथे 'फरक सार्थ नाही' एवढंच लिहून पुढे जाणारे शोधनिबंध मी बरेच वाचलेत आणि ते मला मुळीच पटत नाही. आकडा उंबरठ्याच्या अलीकडे आला म्हणजे फरक नाही हे सिद्ध होत नाही. दोन्ही शक्यता उघड्या आहेत, एवढंच कळतं. व्हायवाला परीक्षक नेमकं हेच विचारतात.

हेलेबकचं काय? त्याच्या ९५.२ मागे फटके होते साधारण साडेसहाशे. म्हणजे जो पुढे मोठा झाला त्याचा पुरावा खरं तर लेव्हीपेक्षा कच्चा होता! दुसऱ्या वर्षी त्याचेही उतरून ९४.१ झाले. पाचव्या फेरीत निवडलेला मुलगा, त्याला विनिपेगने थेट एनएचएलमध्ये घातलं नाही. २०१४-१५ चा मोसम तो दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स संघाकडून ५८ सामने खेळला. तिथून नोव्हेंबर २०१५ मध्ये वर आला. एनएचएलमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला मिळणारी व्हेझिना ट्रॉफी त्याला २०२०, २०२४ आणि २०२५ अशी तीनदा मिळाली. २०२५ मध्ये तर सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही.

लेव्हीचा रस्ता निराळा. मार्च २०२३ च्या मध्याला त्याने करार केला आणि दोन आठवड्यांत, ३१ मार्चला, तो न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध एनएचएलमध्ये उभा होता. बफेलो तो सामना जिंकली. २०११ नंतर हा संघ बादफेरीत पोचला नव्हता, शहर अगदी आसुसलेलं, आणि एकवीस वर्षांच्या मुलाच्या हाती गोल. सात सामने, त्यांत पाच विजय. बादफेरी एका गुणाने हुकली. त्याची सेव्ह टक्केवारी होती ९०.५, म्हणजे लीगच्या सरासरीइतकीच.

कॉलेजात ९३ आणि इथे ९०, मग खेळाडू खराब झाला का? नाही. मोजपट्टी तीच राहिली, फटके मारणारे हात बदलले. रणजीतली सरासरी कसोटीत जशीच्या तशी येत नाही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हीच गोष्ट पुण्याच्या दोन महाविद्यालयांत घेतलेल्या नमुन्यावरून 'महाराष्ट्रातील युवक' असं शीर्षक देताना मात्र सुचत नाही.

मोजपट्टीवरून आठवलं. २०२२ मध्ये कॉलेज हॉकीतला सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार लेव्हीला मिळाला नाही, तो मिनेसोटा स्टेटच्या ड्रायडन मॅके या गोलरक्षकाला मिळाला. त्याने मोसमात ३८ विजय मिळवले, तो विक्रम आहे. सामन्यामागे गोल १.३१, लेव्हीपेक्षा कमी. पण सेव्ह टक्केवारीही लेव्हीपेक्षा कमीच. हे दोन्ही एकदम कसं? त्याचा संघ समोरच्याला फटके मारूच देत नव्हता. सामन्यामागे किती गोल गेले, यात गोलरक्षक आणि त्याच्यापुढचे पाच जण दोन्ही मिसळलेले असतात. त्यापेक्षा सेव्ह टक्केवारी बरी, पण तीही पूर्ण स्वच्छ नाही, कारण फटका कुठून आणि कितपत मोकळा आला हे ती बघत नाही. मॅकेला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. तुमचं चल नेमकं काय मोजतं हा प्रश्न प्रकरण तीनमध्ये दोन ओळींत उरकायचा नसतो तो यासाठी.

लेव्हीचा पुढचा प्रवास: २०२३-२४ मध्ये २३ सामने, ८९.९ टक्के, मधूनमधून एएचएलच्या रोचेस्टर संघात रवानगी. २०२४-२५ मध्ये एनएचएलचे फक्त नऊ सामने. दोन जिंकले, सात हरले, टक्केवारी ८७.२. वर्तमानपत्राचा वाचक म्हणेल, संपला मुलगा. तुम्ही हिशेब करा. नऊ सामन्यांत फटके अंदाजे २८०. स्टँडर्ड एरर दोन टक्के. दुपटीचा पट्टा ८३ ते ९१, आणि लीगची सरासरी या पट्ट्याच्या आतच बसते. सात सामन्यांवरून त्याला असामान्य ठरवणं जितकं घाईचं होतं, तितकंच नऊ सामन्यांवरून त्याला निकालात काढणंही.

मग किती फटके पुरतात? ९१ टक्क्यांचा गोलरक्षक ९० च्या सरासरीपेक्षा वरचा आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायचं तर स्टँडर्ड एरर अर्ध्या टक्क्यावर आणावा लागतो. सूत्र उलटं फिरवा: सुमारे ३,६०० फटके. सामन्याला तीस धरले तर १२० सामने, म्हणजे पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाचे दोन पूर्ण मोसम. आणि एवढे सामने मिळतात कुणाला? ज्याला पहिल्या नऊ सामन्यांत धक्का बसला नाही त्याला. जो लवकर कमनशिबी ठरला त्याचा डेटाच पुढे गोळा होत नाही. एनएचएलमधल्या मुरलेल्या गोलरक्षकांची यादी बघून 'चांगले टिकतात' असा निष्कर्ष काढताना ही गळती दिसतच नाही, कारण गळलेले यादीत नसतात.

संघांनाही हे सगळं कळतं, त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगले विश्लेषक आहेत. पण १२० सामने वाट बघायला त्यांच्याकडे वेळ नसतो. उद्या संध्याकाळी गोलमध्ये कोण, हे आज ठरवावं लागतं. त्यामुळे अपुऱ्या पुराव्यावर निर्णय घेतला म्हणून मी बफेलोला दोष देणार नाही. राइनहार्टने २०२३-२४ मध्ये फ्लोरिडासाठी ५७ गोल केले आणि २०२४ च्या स्टॅनली कपच्या सातव्या सामन्यातला निर्णायक गोलही त्याचाच, हे सगळं नंतरचं. जुलै २०२१ मध्ये हा डेटा अस्तित्वातच नव्हता. निर्णय कसा होता हे तेव्हा हातात असलेल्या माहितीवरून तपासायचं.

२०२४-२५ चा बाकीचा मोसम लेव्ही रोचेस्टरला होता. तिथे तो ४२ सामने खेळला, सातांत एकही गोल खाल्ला नाही, आणि टक्केवारी आली ९१.९. दहा वर्षांपूर्वी सेंट जॉन्सला त्या ५८ सामन्यांत हेलेबकची होती ९२.१.