‘वाहने आपल्या जबाबदारीवर’ हा बोर्ड म्हणजे विमा नव्हे! कॅरव्हॅन पार्क, टेंट कॅम्प चालवणाऱ्यांनी काय तपासावं?

चोर्ला घाट, जांबोटी-कणकुंबी, आंबोली, तिलारी. पावसाळा लागला की शनिवार-रविवारी या सगळ्या पट्ट्यात गाड्यांची रांग लागते. कुणी शेतात चार तंबू ठोकलेत, कुणी लाकडी कॉटेज बांधलंय, तर कुणी कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर उभं करायला जागा, पाणी आणि लाईटची सोय करून देतंय. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे या धंद्याकडे वळणारे वाढणार हे उघड आहे.

पण विम्याचं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, “घराचा विमा आहे की! आणि गेटवर बोर्ड पण लावलाय.” गडबड नेमकी इथंच आहे. घराचा विमा या धंद्याला लागू होईलच असं नाही आणि बोर्ड तर विमा नव्हेच.

बोर्ड का चालत नाही?

१९९८ सालची गोष्ट. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात रात्री एक पाहुणा मारुती झेन घेऊन आला. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि आत गेला. परत येऊन बघतो तर गाडी चोरीला गेलेली. गाडीच्या विमा कंपनीने पाहुण्याला पैसे दिले. विषय संपला असं वाटेल, पण नाही. तीच विमा कंपनी गाडीमालकाला सोबत घेऊन हॉटेलविरुद्ध ग्राहक न्यायालयात गेली.

हॉटेलचं म्हणणं होतं, गाडी मालकाच्या जबाबदारीवर लावली असं टोकनवर छापलंय. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. चावी घेतली म्हणजे गाडीचा ताबा घेतला, मग नीट काळजी घेतली हे हॉटेलनेच दाखवायचं. निष्काळजीपणा असेल तर छापील ओळ हॉटेलला वाचवू शकत नाही, असा या निकालाचा सार.

आता हेच आपल्या शेतातल्या पार्कवर लावून बघा. पाहुण्याची कॅरव्हॅन आंब्याच्या झाडाखाली उभी आहे. वाळलेली फांदी दोन वर्षं तशीच लटकत होती. वादळात ती टपावर पडली. पाहुण्याचा विमा त्याला पैसे देईल, पण ती फांदी वेळेत का तोडली नाही म्हणून त्याची कंपनी तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. भरपाई दिली की वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे जातो.

घराचा विमा का पुरत नाही?

एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे हैदराबादच्या आयआरडीएआयने, आगीच्या विम्याचे तीन ठराविक नमुने लागू केले. ‘भारत गृह रक्षा’ राहत्या घरासाठी. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी. त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. नाव आगीचं असलं तरी यात वीज पडणं, वादळ, पूर, भूस्खलन आणि भूकंपही येतात.

पैसे घेऊन पाहुणे ठेवले की तो धंदा झाला. विमा घेताना ‘राहतं घर’ असं लिहिलं आणि प्रत्यक्षात तिथं कॅम्प चालतोय, तर नुकसानीच्या वेळी कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. विम्यात खरी माहिती सांगणं ही मालकाची जबाबदारी असते. त्यामुळे बहुतेक छोट्या पार्कना ‘सूक्ष्म उद्यम’ वाली पॉलिसीच पाहावी लागेल.

त्यातही दोन गोष्टी नीट बघा.

पहिली, बांधकाम. ताडपत्री, कॅनव्हास, बांबू, गवत किंवा लाकडी फळ्यांचं बांधकाम विम्याच्या भाषेत ‘कच्चं’ धरलं जातं. त्याचा हप्ता जास्त असतो. पॉलिसीत फक्त ‘इमारत’ लिहिलं असेल तर तंबू त्यात आले असं समजू नका. तंबू, कॉटेज, स्वयंपाकघर, संडास-बाथरूमचा ब्लॉक, सोलर, पंप, सगळं वेगवेगळं लिहून घ्या.

दुसरी, रक्कम. हप्ता वाचवायला वीस लाखांची मालमत्ता दहा लाखांची दाखवली, तर चार लाखांचं नुकसान झाल्यावर चार लाख मिळत नाहीत. निम्म्याच किमतीचा विमा, म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे दोन लाख. ‘सूक्ष्म उद्यम’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्याहून जास्त नाही.

खरा धोका पाहुण्याचा

तंबू वाहून गेले तर नुकसान किती, हे आधी मोजता येतं. पण पाहुण्याला इजा झाली तर किती द्यावं लागेल ते तुमच्या हातात नसतं. ओल्या प्लगचा शॉक, गॅस सिलिंडरची गळती, जेवणातून विषबाधा, पोहण्याच्या टाकीत बुडणं, पायरीवरून घसरणं, यातलं काहीही एका रात्रीत होऊ शकतं.

सीमाभागातल्या मालकांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो. म्हणजे पुण्याचा पाहुणा खानापूर तालुक्यात जखमी झाला, तर तो पुण्यात तक्रार घालू शकतो. हैदराबादचा असेल तर हैदराबादला. तारखांना जायचं तुम्ही, वकीलही तिथलाच बघायचा.

यासाठी असतो ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणजे त्रयस्थांप्रती जबाबदारीचा विमा. यात मालकाच्या चुकीमुळे पाहुण्याला झालेल्या इजेची भरपाई आणि कंपनीच्या संमतीने केलेला वकिलाचा खर्च, मर्यादेत राहून मिळतो. पॉलिसीवर दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. उदाहरणार्थ, एका घटनेला २५ लाख आणि वर्षाला १ कोटी. तुमच्याकडे एका वेळी साठ माणसं जेवत असतील तर पहिला आकडा जास्त महत्त्वाचा.

जेवणखाण, पोहण्याची टाकी, खेळ आणि नैसर्गिक आपत्ती ही कलमं बऱ्याचदा वेगळी जोडून घ्यावी लागतात. आणि पाहुण्याची जी वस्तू तुमच्या ताब्यात आहे, ती साध्या पॉलिसीत सहसा धरली जात नाही. म्हणून कॅरव्हॅनच्या चाव्या ऑफिसात ठेवून घेण्याची पद्धत असेल तर एजंटला ते आधी सांगा. शक्यतो चावी पाहुण्याकडेच राहू द्या.

कामाची पोरं विसरू नका. शनिवार-रविवारी रोजंदारीवर येणारा मुलगा शॉक लागून जखमी झाला तर तो ‘पाहुणा’ नाही, त्रयस्थही नाही. कामगाराला भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आली आहे. तिचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात माणसांची संख्या, पगार खरा लिहावा लागतो.

परवाना नसेल तर?

जानेवारी २०२१ मध्ये वायनाडमधल्या मेप्पाडीजवळ तंबूत मुक्कामाला आलेल्या एका महिलेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तंबूंना परवानगी नव्हती, असं प्रशासनाने नंतर सांगितलं. चंदगड, दोडामार्ग, खानापूरच्या लोकांना हत्ती काही नवीन नाही, त्यामुळे हे उदाहरण लांबचं समजू नये.

जबाबदारीच्या पॉलिसीत, कायद्यातली अट जाणूनबुजून मोडली असेल तर भरपाई नाही, असं कलम असतं. म्हणजे परवाना नसताना भरलेला हप्ता ऐनवेळी वाया जाऊ शकतो. पंचायतीचा परवाना, जंगलाजवळ असाल तर वनखात्याचे नियम, जेवण देत असाल तर अन्न परवाना, हे आधी.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे नावं. उतारा आजोबांच्या नावावर, परवाना काकांच्या, बँक खातं मुलाचं आणि पॉलिसी सुनेच्या नावावर! ज्याचं नुकसान होणार त्याचाच विमा असावा लागतो. घरात बसून नावं एकदा जुळवून घ्या.

काही झालंच तर

आधी माणसाला दवाखान्यात न्या. मग त्याच दिवशी कंपनीला कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत मोडतोड हलवू नका, हलवावीच लागली तर फोटो-व्हिडिओ काढून ठेवा. पूर-वादळ असेल तर तलाठ्यांचा पंचनामा, आग-चोरी असेल तर पोलिसांचा कागद घ्या. माणुसकीने मदत जरूर करा, पण ‘चूक माझीच, सगळे पैसे मी देतो’ असं कंपनीला न विचारता लिहून देऊ नका.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. एक महिना उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही ही वाट खुली आहे, आणि तिथं फी लागत नाही. कर्नाटकवाल्यांना बेंगळुरू, इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांना भोपाळ, वडोदरावाल्यांना अहमदाबाद, तेलंगणात हैदराबाद.

एजंटला हे पाच प्रश्न विचारा

१. पॉलिसीवर धंद्याचं वर्णन काय लिहिलंय?
२. तंबू आणि कच्चं बांधकाम नावानिशी आहे का?
३. जेवण, टाकी आणि खेळ धरलेत का?
४. एका अपघाताला मर्यादा किती?
५. रोजंदारीची माणसं कोणत्या पॉलिसीत आहेत?

उत्तरं तोंडी नकोत, ईमेलवर घ्या. आणि हप्ता भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही हेही ध्यानात ठेवा. आणि हो, या आठवड्यात ती वाळलेली फांदी तोडून घ्या, प्लगपॉइंटना अर्थिंग आणि ईएलसीबी आहे का बघा. पाहुणा सुखरूप घरी पोचला तर पॉलिसी कपाटातून बाहेर काढायची वेळच येणार नाही.