गावाच्या दोन जन्मतारखा

आपल्या गावाची जन्मतारीख कोणी विचारली, तर आपण फार तर एखादा जुना शिलालेख दाखवू. नेदरलँड्समधल्या फ्लेव्होलँड प्रांतातली माणसं मात्र आपल्या शहरांच्या तारखा सहज सांगू शकतात, आणि त्याही दोन-दोन. पहिली, माणसं राहायला आली तेव्हाची. दुसरी, त्या माणसांच्या हाती कारभार आला तेव्हाची. या दोन तारखांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी मला आज बोलायचं आहे.

शंभर वर्षांपूर्वी इथे झाउडर झे नावाचा उथळ समुद्र होता. १९१६ साली त्याने काठावरच्या गावांत मोठा पूर आणला. पुढे कॉर्नेलिस लेली या इंजिनिअर-मंत्र्याची योजना १९१८च्या कायद्याने मंजूर झाली. १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीच्या बांधाने समुद्राचं तोंड बंद केलं आणि त्याचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. मग सरोवराचा एकेक भाग बांधाने वेढून आतलं पाणी पंपाने उपसलं. अशा उघड्या पडलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. ईशान्येचा पोल्डर १९४२ साली कोरडा झाला, पूर्व फ्लेव्होलँड १९५७ साली आणि दक्षिण फ्लेव्होलँड १९६८ साली.

ईशान्य पोल्डरचा नकाशा पाहण्यासारखा आहे. मधोमध एमेलोर्ड हे मुख्य गाव आणि भोवती दहा खेडी. शेतमजुराला सायकलवरून शेतावर जाता यावं, हा खेड्यांमधल्या अंतराचा हिशोब. पुढच्या पोल्डरची वेळ येईपर्यंत मोटारी वाढल्या, म्हणून तिथे खेडी कमी बांधली.

गावांसारखी माणसंही नीट पारखून घेतली. जमीन सरकारची, ती खंडाने मिळायची. अर्जदार पुष्कळ आणि शेतं थोडी. त्यामुळे अधिकारी अर्जदाराच्या घरी जाऊन त्याची शेती, भांडवल, एवढंच काय, घरातली टापटीपही पाहत.

पण इतक्या निवडीतून आलेल्या या माणसांना स्वतःचा कारभारी निवडता येत नव्हता. नगरपालिका नव्हती. सरकारने नेमलेला ‘लांडद्रोस्ट’ हा अधिकारी कारभार पाही. पुढे सल्लागार मंडळी आली, तरी अधिकार त्याच्याकडेच राहिले. युक्तिवाद असा की, रस्ते, कालवे, शाळा झपाट्याने उभ्या करायच्या तर एकहाती कारभार बरा. कामं झपाट्याने झाली, हे खरं. पण ईशान्य पोल्डरला नगरपालिका मिळाली ती १९६२ साली, म्हणजे जमीन कोरडी झाल्यावर २० वर्षांनी. लेलींचं नाव लावणाऱ्या लेलिस्टाडमध्ये रहिवासी आले १९६७ साली, नगरपालिका आली १९८० साली. अल्मेरेत माणसं आली १९७६ साली आणि नगरपालिका १९८४ साली. अंतर १३ वर्षांवरून ८ वर्षांवर आलं, हीसुद्धा प्रगतीच.

याच्या अगदी उलट गोष्ट उर्कची. हे मासेमारांचं जुनं बेट. १९३९ साली बांध येऊन भिडला आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. मग चारी बाजूंनी ना सही, पण पाठीशी पोल्डरची शेतं आली. उर्कला मात्र आपली नगरपालिका आधीपासून होती आणि ती त्याने राखली. मासेमारीही सोडली नाही.

१ जानेवारी १९८६ रोजी या सगळ्यांचा मिळून फ्लेव्होलँड हा नेदरलँड्सचा बारावा प्रांत झाला. त्यात नगरपालिका फक्त सहा: ईशान्य पोल्डर, उर्क, ड्रॉन्टेन, लेलिस्टाड, झेवोल्डे आणि अल्मेरे. त्यातल्या अल्मेरेची वस्ती आज दोन लाखांच्या वर आहे.

समुद्र हटवायचं काम इंजिनिअरांनी केलं, आणि पंप आजही चालूच ठेवावे लागतात. पण पंपाने मिळते ती जमीन. तिथे राहणाऱ्याला रस्ता, शाळा, कर यांवर मत देता येऊ लागतं, तेव्हाच ती वसाहत त्याचं गाव होते. म्हणून दोन तारखांपैकी मला दुसरीच खरी वाटते.