मोबाईलवर खेळणाऱ्या मुलाच्या शेजारी कोण बसले आहे?

मे महिना आला की मुंबईची मंडळी गावी निघतात. पोलादपूर मागे टाकून, घाटाची वळणे घेत कुडपणला पोहोचेपर्यंत लहानग्याच्या हातात मोबाईल असतो. घरात शिरल्यावरही तो सुटत नाही. आजी ताट घेऊन बसते, नातू मान वर करत नाही. मग खेळ चालू ठेवूनच एकेक घास भरवला जातो. "निदान जेवतो तरी," आजी म्हणते. "आणि त्यावर एबीसीडीही शिकतो," आई म्हणते. दोघींचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

व्हिडिओ गेममधून लहान मूल काही शिकते का? शिकते. पण किती शिकेल हे दोन गोष्टींवर ठरते: मुलाचे वय काय आणि खेळताना त्याच्या शेजारी कोण आहे.

भिंतीतला संगणक

१९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी आपल्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडपट्टी होती. शिकवायला कोणी नव्हते. तरी तिथली मुले माऊस चालवू लागली, चित्रे काढू लागली, खेळ खेळू लागली. पुढे देशात अनेक ठिकाणी, आपल्या कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातही, असे संगणक बसवले गेले. ही मुले घोळक्याने शिकली. एकाच्या हातात माऊस, बाकीचे भोवती उभे, प्रत्येकाची काही ना काही सूचना. या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. मुलांचा बराच वेळ नुसत्या खेळात आणि रंग भरण्यात जातो, मार्गदर्शनाशिवाय शिक्षण पुढे सरकत नाही, असे काही अभ्यासकांनी दाखवून दिले. आपल्यासाठी दोन्ही बाजू उपयोगाच्या आहेत. सोबत असली की खेळातून शिकणे होते. पण नुसते यंत्र हातात दिले म्हणजे शिक्षण झाले, असे नाही.

काय येते, काय येत नाही

तीन-चार वर्षांच्या मुलाला चांगल्या खेळातून आकार जुळवणे, रंग ओळखणे, मोजणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे या गोष्टींचा सराव होतो. हरल्यावर न रडता पुन्हा डाव मांडायची सवयही लागू शकते. वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर एका वेळी अधिक गोष्टी टिपते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात दिसले. पण ते संशोधन तरुणांवरचे होते आणि ते खेळ मारधाडीचे. त्याचा दाखला देऊन बालवाडीच्या मुलाच्या हाती बंदुकीचा खेळ देऊ नये.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. अगदी लहान मूल पडद्यावरून जितके शिकते, त्याहून जास्त ते समोरच्या माणसाकडून शिकते. पडद्यावर जमलेले कोडे खऱ्या ठोकळ्यांनी लावताना ते अडखळते. म्हणून मोबाईलवर पाच आंबे मोजून झाले की अंगणात पाच चिंचोके मोजून घ्या. पडद्यावर त्रिकोण सापडला की घरातला त्रिकोण शोधायला लावा. भाषा तर बोलण्यानेच येते. खेळ बोलतो, पण मुलाने काय विचारले ते त्याला कळत नाही. ते आजीला कळते.

वयाप्रमाणे वेळ

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखाली फार तर एक तास.

घरात एवढे पाळावे:

• जेवताना मोबाईल नाही. पोट भरले हे मुलाला कळले पाहिजे.
• झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बंद.
• रोज उघड्यावर खेळणे हवेच. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचे कमी दिसण्याचा त्रास कमी होतो.
• इंटरनेट बंद ठेवूनही चालणारा, जाहिराती नसलेला खेळ निवडा. पैसे पाठवण्याच्या ॲपला कुलूप ठेवा.
• वेळ संपण्याआधी सांगा, "हा शेवटचा डाव." एकदम हिसकावून घेतले तर रडारड होणारच.
• घरात मोबाईल एकच असेल तर मुलीलाही तेवढीच पाळी द्या. चवदार तळ्याच्या पंचक्रोशीत समान वाट्याची गोष्ट वेगळी सांगावी लागू नये.

कधी सावध व्हावे

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल, तर "मोठा झाला की बोलेल" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत येते, त्यांना दाखवा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मोठ्या मुलाचा खेळावरचा ताबा सुटला असेल, अभ्यास, झोप, मित्र सगळे मागे पडले असेल आणि नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नसेल, तर तो हट्ट समजून मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याची नोंद आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, मराठीतही.

आणि आजीने काय करावे? ताट थोडे बाजूला ठेवावे, नातवाशेजारी बसावे आणि विचारावे, "हे कसं खेळायचं रे, मला दाखव." शिकवताना तो बोलेल, चुकेल, पुन्हा समजावून सांगेल. एक डाव झाला की मोबाईल फडताळात आणि ताट पुढे. जेवण झाल्यावर सागरगोटे काढावेत. आता शिकवायची पाळी आजीची.