सल्लागाराची फी आणि अडत्याची दस्तुरी
लेखमाला : घरबसल्या पदवी — लेखांक सहावा

भोपाळच्या प्रभात चौराह्यावरून अशोका गार्डनच्या ऐंशी फुटी रस्त्याला लागले म्हणजे किराण्याची, औषधांची, कापडाची आणि मिठाईची दुकाने ओळीने लागतात. त्यांच्या मधूनमधून पहिल्या मजल्याकडे जाणारे अरुंद जिने आहेत, आणि एखाद्या जिन्याच्या तोंडाशी ‘घर बैठे डिग्री’ अशी पाटी लटकत असते. नोकरी न सोडता पदवी मिळवू इच्छिणाऱ्या माणसाला त्या पाटीखाली विनामूल्य सल्ल्याचे आश्वासन दिलेले असते. गेल्या लेखांकात दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांतील भेद आपण पाहिला. आज विचार करावयाचा आहे तो या दोहोंतून निवड करून देणाऱ्या सल्लागाराचा, आणि विशेषतः त्याला मोबदला कोणी द्यावा या प्रश्नाचा. कारण सल्ल्याची सारी गुणवत्ता अखेर याच एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहते, असे माझे मत आहे.

सल्लागाराची गरज खोटी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात येऊन भोपाळ राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूर येथील दप्तरांबरोबर जी मराठी कुटुंबे येथे आली, आणि पुढे ‘भेल’च्या कारखान्यामुळे ज्यांत भर पडली, त्यांच्या घरांत अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्याचा एकच रुळलेला मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे ‘प्रायव्हेट’ बसणे, येथील विद्यापीठीय परिभाषेत स्वाध्यायी परीक्षार्थी होणे. अर्ज कोठे मिळतो, शुल्क किती आणि मुदत कधी संपते एवढेच विचारावयाचे असे, आणि ते सांगावयास कचेरीतला एखादा वडीलधारा सहकारी पुरेसा होता.

आज ती स्थिती राहिली नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८२ साली हैदराबादेस देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९१ साली याच भोपाळात, आज कोलार मार्गावर असलेले, राजा भोजाच्या नावाचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. येथवर हिशेब सोपा होता. राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे दूरस्थ अध्ययनाचे क्षेत्र त्या राज्याच्या सीमेपुरतेच असल्यामुळे नाशिकचे केंद्र भोपाळात निघण्याचा संभव नव्हता, आणि येथील विद्यार्थ्यापुढे मोजकीच नावे होती. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम केले आणि सप्टेंबर २०२० मध्ये दूरस्थ व ऑनलाइन या दोन्ही पद्धतींचे एकत्रित विनियम जारी केले. ऑनलाइन पद्धतीला प्रादेशिक सीमेचे बंधन नसल्यामुळे देशाच्या चारही कोपऱ्यांतील विद्यापीठे एकाच वेळी अशोका गार्डनच्या विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर येऊन उभी राहिली. त्यांपैकी आपल्याला सोयीचे कोणते, हे ठरविताना सामान्य गृहस्थ गोंधळून गेला तर त्यात त्याचा दोष मुळीच नाही.

माझ्या शेजारच्या वहिनींची कन्या वडिलांच्या आजारपणामुळे बारावीनंतर शिक्षण सोडून गोविंदपुऱ्यातील एका कारखान्याच्या हिशेबखात्यात लागली, आणि चार वर्षांनंतर तिला बी. कॉम. व्हावेसे वाटू लागले. ‘काका, तुम्ही बरोबर या, मला एकटीला त्यांचे बोलणे उमजत नाही,’ असे तिने म्हटल्यावरून मी तिच्यासमवेत अशा एका कार्यालयात गेलो. तेथील तरुणाने अत्यंत आदराने बसविले, तीन विद्यापीठांची चित्रमय पत्रके पुढे मांडली आणि तिचा भ्रमणध्वनी क्रमांक टिपून घेतला. तिच्या नोकरीची वेळ, तिचे वेतन किंवा तिला पदवी कशासाठी हवी आहे, यांपैकी एकही गोष्ट त्याने विचारली नाही. ‘अंकलजी, सलाह का कोई पैसा नहीं, बस पाँच हज़ार दे दीजिए, आज ही सीट ब्लॉक हो जाएगी,’ हे त्याचे वाक्य मात्र तीन वेळा ऐकावे लागले. ज्या शहरात आम्ही बसलो होतो त्याच शहरातील मुक्त विद्यापीठाचे नाव त्या तासाभरात एकदाही निघाले नाही. मी ते स्वतः काढले तेव्हा त्याने ‘त्यात दम नाही’ असे म्हणून विषय बदलला.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. तो आपल्या धन्याचे काम प्रामाणिकपणे करीत होता. प्रश्न आहे तो त्याचा धनी कोण, हा. आपल्या बाजारांत वकील आणि अडत्या या दोन्ही संस्था जुन्या आहेत, आणि त्यांतील भेद आपल्या आजोबा-पणजोबांना पुरता ठाऊक होता. वकील अशिलाकडून फी घेतो आणि अशिलाच्याच हिताला बांधलेला असतो. दाव्यात अर्थ नसेल तर तसे सांगणे हेही त्याचे कर्तव्य असते. अडत्याला माल विकला गेला तरच दस्तुरी मिळते, आणि म्हणून ‘घेऊ नका’ हा शब्द त्याच्या तोंडी कधी येणार नाही. यात अडत्याची अप्रतिष्ठा नाही, कारण त्याच्याकडे जाणारा मनुष्य त्याला अडत्या समजूनच जातो. अनर्थ घडतो तो अडत्या वकिलाच्या खुर्चीवर बसला म्हणजे. दस्तुरी विद्यापीठ देते, विद्यापीठ ती शुल्कातून काढते, आणि शुल्क विद्यार्थी भरतो. तेव्हा विनामूल्य सल्ल्याचे मूल्य शेवटी त्याच मुलीच्या वेतनातून जाते, फक्त त्याची पावती तिच्या हाती पडत नाही. अमेरिकेत हा रोग इतका बळावला की, १९९२ साली तेथील संघराज्याच्या कायद्याने सरकारी विद्यार्थीसाहाय्य घेणाऱ्या संस्थांना प्रवेशसंख्येच्या प्रमाणात भरती करणाऱ्यांना मोबदला देण्यास मनाई केली. आपल्याकडेही २०२० च्या विनियमांत दूरस्थ वा ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीच्या, म्हणजे मक्त्याच्या, पद्धतीने चालविण्यास बंदी आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांच्या जाहिरातींविषयी आयोगाने जाहीर इशाराही दिला होता. तथापि बंदी आहे ती विद्यापीठाने आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यावर. सल्लागाराने कोणाकडून काय घेतले याची विचारपूस विद्यार्थ्यालाच करावी लागते.

ती न केल्याने काय घडू शकते, याचे अत्यंत कष्टदायक उदाहरण आपल्या न्यायालयीन इतिहासात नोंदलेले आहे, आणि त्यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. ओडिशातील लिफ्ट इरिगेशन महामंडळातील बढतीच्या एका वादातून सर्वोच्च न्यायालयापुढे असा प्रश्न आला की, पत्रद्वारा मिळविलेली अभियांत्रिकीची पदवी ग्राह्य धरावी की नाही. न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालाने चार अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांचा निकाल लावला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेला बसण्याची संधी देण्यात आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या, आणि शुल्क परत करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकण्यात आली. या अभ्यासक्रमांना प्रवेशापूर्वी मंजुरी नव्हती; ती मागाहून देण्यात आली होती, आणि अशी मागाहून दिलेली मंजुरी न्यायालयाने अवैध ठरविली. विचार करा: ज्याने २००२ साली पदविकेवर नोकरी करीत, रात्री जागून, बढतीच्या आशेने अभ्यास केला, त्याला पंधरा वर्षांनंतर, केस पिकल्यावर, पुन्हा परीक्षेला बसावयास सांगण्यात आले. प्रवेशाच्या दिवशी जर एखाद्या सल्लागाराने ‘या विषयाला या पद्धतीने या वर्षी मंजुरी आहे काय, तो कागद दाखवा’ एवढेच विचारले असते, तर ती पंधरा वर्षे वाचली असती. सल्लागाराला फी द्यावयाची ती अशा एका प्रश्नासाठी.

आमच्या पूर्वीच्या राज्यभगिनीचे, म्हणजे छत्तीसगडचे, उदाहरणही याच जातीचे आहे. तेथे २००२ च्या एका कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठे केवळ राजपत्रातील अधिसूचनेने निर्माण झाली होती, आणि प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी ती रद्द केली.

आज खातरजमेचे काम पूर्वीपेक्षा सुकर आहे. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्रासाठी विद्यापीठवार आणि अभ्यासक्रमवार मान्यतेची यादी असते. विद्यापीठाचे नाव तेथे आहे एवढ्यावर समाधान न मानता आपला अभ्यासक्रम, आपली पद्धत आणि आपले सत्र ही तिन्ही पाहावी लागतात. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, औषधनिर्माण, परिचर्या इत्यादी विषयांत, तसेच पीएच. डी. साठी, या मार्गाने पदवी देताच येत नाही, आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचाही या निषिद्ध विषयांत समावेश झाला आहे. म्हणून ज्याने गतवर्षीचे पत्रक जपून ठेवले आहे त्याने ते फेकून द्यावे. उलटपक्षी, मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, असे २०२० च्या विनियमांतच म्हटले असल्यामुळे ‘ऑनलाइन पदवीला कोण विचारतो’ ही भीतीही निराधार आहे. २०२४ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला ‘डेब आयडी’ नावाचा क्रमांक काढावा लागतो, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने काढावा. आलेला ओटीपी, डिजिलॉकरचा संकेतशब्द किंवा मूळ गुणपत्रिका कोणाही मध्यस्थाच्या स्वाधीन करू नयेत, आणि शुल्क विद्यापीठाच्या खात्यात थेट भरावे.

सल्लागाराशी करार करावयाचा तो कागदावर, चार ओळींचा का होईना. त्यात फीचा आकडा निश्चित असावा आणि तो प्रवेश घेतला किंवा न घेतला तरी तोच राहावा. ‘मी अथवा माझ्या कार्यालयाने कोणत्याही विद्यापीठाकडून वा कंपनीकडून या प्रवेशाबद्दल मोबदला घेतलेला नाही व घेणार नाही’ हे वाक्य त्याच्या सहीनिशी असावे. जो हे वाक्य लिहावयास कचरतो त्याच्यापुढचा चहा संपवून नमस्कार करून निघावे.

वहिनींच्या कन्येला असा एक मनुष्य मिळाला. महाविद्यालयातून निवृत्त झालेले वाणिज्याचे ते अध्यापक आपल्या घरी, दिवाणखान्यातच, ठराविक फी घेऊन सल्ला देतात. त्यांनी पत्रक एकही दाखविले नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘तुमच्या कारखान्यात मार्चअखेर किती दिवस रात्री थांबावे लागते?’ मग जीएसटीच्या विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखा, लेखापरीक्षेचा सप्टेंबर, आणि रविवारी तिला मोकळा वेळ मिळतो की नाही, हे सारे त्यांनी एका कागदावर महिन्यांच्या ओळीने लिहिले. त्या कागदाशेजारी दुसरा कागद ठेवून त्यांनी मान्यतायादीतून निवडलेल्या चार अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे महिने मांडले. एका ऑनलाइन विद्यापीठाची परीक्षा नेमकी वर्षअखेरीच्या गर्दीत पडत होती. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होत असल्यामुळे त्या तिच्या कामाच्या दोन्ही गर्दींतून मोकळ्या होत्या. ‘ऑनलाइन शिकवणी अधिक सोयीची असेल, परंतु तुमची खरी अडचण शिकवणीची नाही, परीक्षेची रजा मिळण्याची आहे,’ असे त्यांनी सांगितले, आणि आपल्याला कोणाकडून काही मिळत नाही हे वाक्य न मागताच खाली लिहून सही केली. त्यांची फी होती दीड हजार रुपये.

त्या रात्री ती मुलगी आमच्या ओसरीवर भ्रमणध्वनी घेऊन बसली आणि डेब आयडीचा अर्ज तिने स्वतः भरला. वहिनी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका पिशवीत घालून शेजारी बसल्या होत्या, आणि काम होताच त्या पिशवीसह उठून घरी जाऊन त्यांनी ती कपाटात, रेशनकार्डाच्या खाली, पूर्ववत ठेवली.