विश्लेषण : गावातल्या शाळेचा समूहगान संघ कसा तयार होतो?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे बारवांसाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावांतल्या माध्यमिक शाळांत मुलांना वर्षातून चार-पाच वेळा तरी सर्वांसमोर एकत्र गावे लागते. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, २६ जानेवारी, स्नेहसंमेलन आणि जमल्यास एखादी तालुका किंवा जिल्हा पातळीवरची स्पर्धा. संगीताचा स्वतंत्र शिक्षक बहुतेक ग्रामीण शाळांत नसतो. मराठीच्या बाई किंवा खेळाचे सर हे काम अंगावर घेतात. तयारी आठ दिवस आधी सुरू होते, मोठ्या आवाजाची मुले पुढच्या रांगेत येतात आणि एक-दोघांना हळूच सांगितले जाते, ‘तू नुसते ओठ हलव.’ हे ऐकलेले मूल पुढे बहुधा गातच नाही. शिक्षक नसताना आणि वेळ थोडा असतानाही हे टाळून चांगला संघ उभा करता येतो का?

गावात भजन आहे, मग समूहगान वेगळे शिकवायचे का?

मराठवाड्यातील मुलांना एकत्र गाण्याची सवय शाळेत येण्याआधीच लागलेली असते. संध्याकाळचा हरिपाठ, पहाटेचा काकडा, सप्ताहातले कीर्तन यांत ती टाळ धरून उभी राहतात. ताल अंगात असतो, पाठांतराची भीती नसते आणि चारचौघांत तोंड उघडायची लाजही कमी असते. शहरातल्या अनेक शाळांना ही शिदोरी मिळत नाही.

पण दोन सवयी बदलाव्या लागतात. भजनात पुढचा म्हणतो आणि मागचे धरतात. प्रत्येक जण आपापल्या गळ्याने, आपापल्या हरकतीसह गातो आणि ते शोभतेही. समूहगानात सर्वांचा मिळून एक आवाज ऐकू यावा लागतो. दुसरी सवय लयीची. भजन रंगत जाते तशी लय चढते. समूहगानात ती नकळत चढली तर चूक ठरते. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘जोरात गा’ ही सूचना बंद करावी आणि ‘शेजारचा ऐकू येईल इतकेच गा’ ही एकच सूचना द्यावी. आपल्याला शेजारच्याचा आवाज येत नसेल तर आपण मोठ्याने गात आहोत, ही कसोटी मुलांना लगेच कळते.

निवड चाचणी कशी घ्यावी?

वर्गासमोर एकेकट्याला उभे करून गायला लावले तर गाणाऱ्या मुलाचीही जीभ टाळूला चिकटते. चाचणी तिघा-तिघांच्या गटात, बंद खोलीत घ्यावी. सर्वांना येणारे एकच गाणे द्यावे, म्हणजे गाण्याच्या निवडीमुळे कुणाला फायदा होत नाही. तीन गोष्टी पाहाव्यात : दिलेला स्वर ‘आ’कारात धरता येतो का, वाजवून दाखवलेली टाळी तशीच परत देता येते का आणि दोनदा ऐकलेली नवी ओळ आठवते का. आवाज गोड आहे का, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो.

मूल बेसूर आहे असे ठरवण्याआधी स्वर कुणी दिला हे पाहायला हवे. पुरुष शिक्षक आपल्या आवाजात स्वर देतात तेव्हा तो मुलांच्या नैसर्गिक आवाजापेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो. काही मुले तो आपोआप वर उचलतात, काही गोंधळतात आणि खालीच शोधत राहतात. तोच स्वर एखाद्या मुलीने गाऊन दाखवला की यातली बरीच मुले सुरात येतात. म्हणून निवड एकाच दिवशी संपवू नये. न जमलेल्यांना दोन आठवडे मोठ्या गटात गाऊ देऊन पुन्हा संधी द्यावी.

आवाज फुटलेल्या मुलांचे काय करायचे?

हायस्कूलच्या संघाचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. साधारण १२ ते १५ वर्षांच्या दरम्यान मुलांचे स्वरयंत्र वाढते आणि त्यांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच. म्हणजे सातवीत संघाचा आधार असलेला मुलगा नववीत अचानक चिरका होतो, कधी मधल्या स्वरावर त्याचा आवाज निसटतो. वर्ग हसतो आणि तो स्वतःहून बाहेर पडतो.

हा दोष नाही आणि कायमचाही नाही. बदल सुरू असताना अशा मुलाला काही महिने पाच-सहा स्वरच आरामात गाता येतात. त्याच्याकडून पूर्ण गाणे ओढून घेऊ नये, ताणाने घसा बिघडतो. गाण्यातल्या ज्या ओळी त्याच्या आवाक्यात बसतात त्या त्याच्या, उरलेल्या वेळी ढोलकी, टाळ, खंजिरी किंवा षड्जाचा सलग आधार. अंतरा वरच्या स्वरांत जातो तेव्हा हीच मुले तो खालच्या सप्तकात गाऊ शकतात आणि त्या जाड आवाजाने गाण्याला भरीवपणा येतो. मुखडा मात्र खालच्या सप्तकात नेला तर त्यातले तळाचे स्वर त्यांनाही लागत नाहीत. त्यामुळे प्रत्येक ओळ गाऊन पाहूनच वाटणी करावी.

पट्टी कोणती धरायची?

शाळांमधली बहुतेक गाणी पहिल्याच ओळीत बिघडतात, कारण पट्टी ठरवलेली नसते. जो आधी सुरू करतो त्याच्या तोंडून निघेल तो षड्ज. तो उंच लागला की शेवटच्या ओळीला सर्वांचे आवाज फाटतात.

पेटीच्या भाषेत सांगायचे तर मुलींना आणि आवाज न बदललेल्या मुलांना काळी चार किंवा काळी पाच साधारण सोयीची पडते, तर आवाज बदललेल्या मुलांना काळी एकच्या आसपास. मिश्र संघात दोघांनाही पूर्ण सोयीची पट्टी सापडत नाही. त्यामुळे गाणे निवडतानाच त्याचा पल्ला पाहावा. मध्य षड्ज ते तार षड्ज एवढ्यातच फिरणारी चाल शाळेसाठी उत्तम. गाण्यातला सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा स्वर आधी शोधावा, तो संघातल्या सर्वांत कमी पल्ल्याच्या मुलाला लागतो का ते पाहावे आणि मग पट्टी वहीत लिहून ठेवावी. पेटी नसेल तर मोबाइलवरचे तानपुऱ्याचे अ‍ॅप पुरते. पेटी असलीच तर तिने सुरुवातीचा स्वर द्यावा आणि थांबावे. प्रत्येक स्वर पेटीवर वाजत राहिला तर मुले एकमेकांऐवजी पेटीच ऐकतात आणि कार्यक्रमात ती ऐकू आली नाही की घसरतात.

सराव किती आणि केव्हा?

सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटे हे प्रमाण पुरेसे आहे. आदल्या आठवड्यात रोज दोन तास बसवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. वेळ शाळेच्या तासांतच काढावा लागतो. शेजारच्या वस्त्यांवरून येणाऱ्या मुलांची, विशेषतः मुलींची, संध्याकाळची एसटी चुकली तर दुसऱ्या दिवशी घरून सरावाला परवानगी मिळत नाही. चांगल्या गाणाऱ्या मुली संघातून गळण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

पहिली पाच मिनिटे श्वासाची. खांदे न उचलता पोटापर्यंत श्वास घ्यायचा आणि एका स्वरावर हळूहळू सोडायचा. मग सरगम, मग गाणे. पहिल्या दोन आठवड्यांत चाल आणि पाठांतर, पुढच्या दोन आठवड्यांत श्वासाच्या जागा, शेवटच्या दोन आठवड्यांत लहान-मोठा आवाज आणि उभे राहण्याची पद्धत. ओळीत श्वास कुठे घ्यायचा हे सर्वांच्या वहीत एकाच जागी खुणेने दाखवावे, नाहीतर शब्द मधेच तुटतो.

रोजच्या परिपाठातच एक फुकटची परीक्षा दडलेली आहे. राष्ट्रगीताचा ठरलेला कालावधी सुमारे ५२ सेकंद आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेल्या या गीताची दोन कडवी अधिकृत असून त्यांचा अवधी १ मिनिट ४१ सेकंद आहे. मोबाइलवर वेळ लावून दोन्ही ध्वनिमुद्रित करावीत. वेळ कमी भरली तर लय पळते आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा षड्ज तानपुऱ्याशी ताडून पाहिला की पट्टी उतरते का हेही समजते. आपले गाणे स्वतः ऐकलेल्या मुलांना चूक सांगावी लागत नाही.

शब्दांकडे वेगळे लक्ष का?

वीस जण ‘स’ वेगवेगळ्या क्षणी उच्चारतात तेव्हा श्रोत्याला सापाच्या फूत्कारासारखा आवाज येतो. म्हणून शब्दाचे शेवटचे व्यंजन एकाच वेळी पडायला हवे. ‘वंदे मातरम्’मधला शेवटचा ‘म्’ सर्वांनी एकाच मात्रेवर ओठ मिटून म्हटला की संघाची तयारी लगेच जाणवते. मराठी गाण्यात ‘चंद्र’चा ‘च’ आणि ‘चमचा’चा ‘च’ वेगळे आहेत. ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’ यांचा फरक प्रमाण मराठीतल्या व संस्कृत गीतांत पाळावा लागतो. लोकगीत असेल तर उलट. तिथे गावची बोली हीच शुद्ध आणि ती पुसून टाकली तर गाण्याचा जीव जातो. आधी गाणे न गाता, टाळीवर नुसते शब्द म्हणवून घेणे हा सोपा उपाय.

कोणत्या स्पर्धा आहेत आणि परीक्षक काय पाहतात?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा कला उत्सव २०१५ पासून होतो. तो माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी असून जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी पुढे जातो. त्यातले गायनाचे प्रकार आणि सहभागींची संख्या बदलत असल्याने त्या वर्षाचे परिपत्रक वाचूनच संघ ठरवावा. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासून चालू आहे. तिथे परिषदेच्या ‘चेतना के स्वर’ या पुस्तकातली गीते गावी लागतात.

परीक्षक सर्वसाधारणपणे सूर, ताल, उच्चार, एकजीवपणा आणि सादरीकरण पाहतात. पोशाख आणि हातवारे यांवर खर्च झालेली मेहनत सुराची उणीव भरून काढत नाही. वेळेची मर्यादा ओलांडली तर चांगल्या संघाचेही नुकसान होते, म्हणून अर्धा मिनिट हातचे राखूनच गाणे बसवावे.

संघात एखादी मुलगी वेगळी चमकली तर तिला एकल गायनाची वाट दाखवता येते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ‘प्रारंभिक’पासून सुरू होतात आणि शास्त्रीय गायनाच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुणांची सवलत आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी काय सांभाळावे?

त्या दिवशी नवे काही शिकवू नये. आधी दहा मिनिटे हलका सराव आणि पाणी, आदल्या दिवशी कबड्डीच्या मैदानावर ओरडणे बंद. सर्वांनी अर्धवर्तुळात, एकमेकांना आणि हात दाखवणाऱ्या शिक्षकांना पाहता येईल असे उभे राहावे. एकच माइक पहिल्या मुलाच्या तोंडाशी दिला तर लोकांना फक्त तोच ऐकू येतो. दोन माइक रांगेपासून दोन-तीन फूट दूर ठेवावेत. वीज गेली तरी थांबायचे नाही, हे एकदा माइक बंद करून सरावात करून पाहावे.

एवढा खटाटोप कशासाठी?

या भागात एकत्र गाण्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजलेली आहे. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १९३८ मध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयातील आणि उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरला. त्यासाठी अनेकांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. दरवर्षी १७ सप्टेंबरला वालूरसह मराठवाड्यातल्या शाळांत ध्वजवंदनाला गाणे होते, त्यामागे हाही इतिहास आहे.

त्यामुळे शाळेने दोन गट ठेवणे सोयीचे. स्पर्धेसाठी निवडक मुलांचा छोटा संघ आणि राष्ट्रीय सणांसाठी, परिपाठासाठी इच्छुक सर्वांचा मोठा गट. छोट्या संघात जागा मोजक्याच असणार. पण निवड न झालेल्या मुलाला त्याच दिवशी मोठ्या गटात उभे केले, त्याला झेपणारी ओळ दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा ऐकले, तर पुढच्या वर्षीच्या संघाची तयारी तिथूनच सुरू होते.